पोट्ट्यांना किरायानं द्यायला घर: ले-आऊटमधलं की गावठाणातलं?

वर्ध्याजवळ सावंगी-सेवाग्रामकडं मेडिकलच्या पोट्ट्यांसाठी घर पाहत असाल तर फिरून फिरून दोनच पर्याय उरतात, कॉलेजजवळचा एनए (बिगरशेती) प्लॉटांचा ले-आऊट नाहीतर गावठाणातलं जुनं घर. मी दोन्ही पाहिले.

कागदात ले-आऊट पुढं, यात वाद नाही, बँकवाला लगेच फाईल घेते. गावठाणात एनएची भानगड नाही, पण विकणारा ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून हीच मालकी म्हणते, अन् तो तर कर आकारणीचा उतारा. जुनी रजिस्टर्ड खरेदी पाहा, स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका मागा, त्यावर भाऊ-बहिणी किती तेही पाहा, सह्या तितक्या लागतील. गावठाणाला लागूनच आहे म्हणून वावराचा तुकडा दाखवणारेही भेटतात. गावठाणापासून २०० मीटरच्या आत एनएची वेगळी परवानगी लागत नाही, अशी सवलत (जमीन महसूल कायद्याचं कलम ४२-ड) सांगतात खरी, पण झोन रहिवासी पाहिजे अन् आकारणी भरल्याचा सरकारी कागद हातात पाहिजे, तोंडी नाही.

माझं घोडं अडलं रस्त्यावर. ले-आऊटवाला प्लॉट विकून मोकळा होते, रस्ते-नाल्या ग्रामपंचायतीकडं हस्तांतरित झालेल्याच नसतात, मंग पंचायत म्हणते आमचं नाही अन् हा फोन उचलत नाही. उन्हाळ्यात मस्त सपाट मुरूम दिसते. पण आपली काळी माती आहे बापा, दोन पाणी पडले का मुरूम खाली अन् चिखल वर, स्कूटीचं चाक मडगार्डात जाम. अन् मायबाप रूम पाहायला येतात कधी, तर ॲडमिशनच्या टायमाले, ऐन पावसाळ्यात! मुलीची आई कोपऱ्यावरूनच परत फिरते, आतल्या टाइल्स अन् गीझर कोण पाहते. ओळखीतल्या एकाच्या चांगल्या खोल्या अशाच रिकाम्या राहिल्या.

गावठाणात गाड्या लावायची बोंब आहे, सेप्टिक टँक उपसणारी गाडी गल्लीत शिरत नाही, लग्नसराईत डीजे वेगळाच. पण दारापर्यंत सिमेंट रोड, मेस पायी, अन् आमच्या सांदवाडीत (घरामागच्या मोकळ्या जागेत) विहीर आहे, मे महिन्यात कूलर किती पाणी पिते ते किरायेदार ठेवल्यावरच कळते. रजिस्टर्ड करार, पोलीस व्हेरिफिकेशन दोन्हीकडं सारखंच.

लोनशिवाय जमतच नसेल तर ले-आऊट घ्या, वाईट नाही म्हणत मी. फक्त इसार द्यायच्या आधी हस्तांतरणाचा ठराव मागा अन् ऑगस्टात एकदा गाडी शेवटच्या प्लॉटापर्यंत नेऊन पाहा.