झ्युरिकचे संपत्ती कर विवरणपत्र: एका ऑनलाइन सेवेचे परीक्षण

स्वित्झर्लंडमध्ये साठलेल्या संपत्तीवरील कर संघराज्य घेत नाही, कँटन (म्हणजे तेथील घटक राज्ये) आणि नगरपालिका घेतात. झ्युरिक कँटनमध्ये त्यासाठी वेगळा अर्ज नाही. आयकराच्या विवरणपत्रातच 31 डिसेंबर रोजीची निव्वळ संपत्ती दाखवावी लागते. हे सारे काम ‘झेडएच प्रायव्हेट टॅक्स’ या विनामूल्य सरकारी सेवेवर घरबसल्या होते.

या सेवेतील सर्वांत उजवा भाग रोखे आणि ठेवींच्या यादीचा आहे. एकाच ओळीत खात्याची वर्षअखेरची शिल्लक आणि वर्षभराचे व्याज लिहायचे. शिल्लक संपत्ती करासाठी धरली जाते, व्याज आयकरासाठी. सूचिबद्ध शेअरचे वर्षअखेरचे मूल्य आणि परकीय चलनांचे दर संघीय करखातेच जाहीर करते, त्यामुळे मूल्यांकनाची हुज्जत बहुतांशी उरत नाही. शिवाय स्विस कंपन्यांच्या लाभांशातून आणि ठेवींवरील व्याजातून आधीच कापलेले 35 टक्के याच यादीत नोंद केल्यावर परत मिळतात, म्हणजे खाते लपवणारा स्वतःचेच पैसे सोडून देतो. ही रचना मला कराच्या दरापेक्षा महत्त्वाची वाटते. दर तसा सौम्यच आहे: करमुक्त मर्यादेपलीकडे मूळ आकारणी हजारी अर्ध्या फ्रँकपासून तीन फ्रँकपर्यंत चढते आणि तिला कँटन व गावाने ठरवलेल्या गुणकांनी गुणले जाते.

भारतात 1957 च्या कायद्याने आलेला संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी रद्द केला, तेव्हा तो 30 लाखांवरील संपत्तीवर 1 टक्का होता आणि 2013-14 मध्ये त्यातून अवघे 1,008 कोटी रुपये जमा झाले होते. 1993 पासून शेअर आणि बँक ठेवी त्यातून वगळलेल्या होत्या. उरले होते दागिने, मोटारी, शहरी भूखंड, म्हणजे नेमके मोजायला कठीण ते. झ्युरिकमध्ये सहज मोजता येते त्यावरच मुख्य भिस्त आहे.

भारतात मालमत्ता असलेल्यांना मात्र ही सेवा तितकी सोपी जात नाही. पुण्यातील सदनिकेवर येथे कर लागत नाही, पण दर ठरवताना ती हिशेबात धरली जाते, म्हणून लिहावीच लागते. तिच्यावरील गृहकर्जही पूर्ण वजा न होता सर्व मालमत्तेच्या प्रमाणात विभागले जाते. मुदत ठेवी पूर्णपणे करपात्र आहेत, आणि अनिवासी भारतीयांच्या एनआरई खात्याचे व्याज भारतात करमुक्त असले तरी येथे उत्पन्नात मोडते. दोन्ही देशांत 2019 पासून खात्यांची माहिती आपोआप जाते, तेव्हा ‘तिकडचे कोण पाहतो’ हा जुना हिशेब आता चालत नाही. प्रपत्रांची भाषा जर्मन आहे; कामचलाऊ जर्मनवर ठेवींची यादी निभावते, कर्जाची विभागणी नाही. केवळ स्विस खाती असणाऱ्याने सल्लागारावर खर्च करू नये. भारतात घर आणि कर्ज दोन्ही असणाऱ्याने पहिल्या वर्षी तो जरूर करावा, कारण पुढील वर्षी मागील नोंदी उचलून घेता येतात.