लाप्लासचा एकपानी तक्ता: सहा महिने वापरल्यावर

हा तक्ता म्हणजे लाप्लास रूपांतराची (टी मधलं फंक्शन एस मध्ये बदलण्याची) सूत्रं एका पानावर. व्याख्या, लिनिअ‍ॅरिटी, साइन-कोसाइनची सूत्रं सगळ्यांना पाठ असतात, त्यावर बोलायचं नाही. सहा महिन्यांच्या वापरानंतर या तक्त्यावरचा राग एकाच ओळीवर आहे: सेकंड शिफ्टिंग.

तक्त्यात ती अशी छापलेली असते: एफ(टी−क)·यू(टी−क) चं रूपांतर म्हणजे ई^(−क·एस) गुणिले एफ(टी) चं रूपांतर. यू(टी−क) म्हणजे युनिट स्टेप: टी=क च्या आधी ०, नंतर १. सूत्र बरोबर आहे, पण गणित या रूपात क्वचितच येतं. येतं ते टी^२·यू(टी−३). मग हात सवयीने २/एस^३ उचलतो, त्याला ई^(−३एस) चिकटवतो आणि सगळे मार्क तिथेच जातात. टी^२ अजून (टी−३) मध्ये मांडलेलंच नाही, ही खरी चूक. टी च्या जागी टी+३ घाला: (टी+३)^२ = टी^२ + ६टी + ९. त्याचं रूपांतर २/एस^३ + ६/एस^२ + ९/एस, आणि या सगळ्याला मिळून ई^(−३एस). चुकीचं उत्तर उलटं फिरवून पाहिलं की फरक दिसतो: ते टी=३ ला शून्यापासून हळूहळू वर चढतं, आणि खरं फंक्शन तिथे एकदम ९ वर उडी घेतं.

म्हणून तक्त्याच्या कडेला पेनने एक ओळ वाढवाच: जी(टी)·यू(टी−क) साठी ई^(−क·एस) गुणिले जी(टी+क) चं रूपांतर. ही ओळ छापायला अर्धा इंच जागा लागत नाही, तरी ती बहुतेक तक्त्यांत नसते, याची खरंच चीड येते. उलट्या दिशेनेही सांभाळा: ई^(−३एस)/एस^२ चं उत्तर नुसतं टी−३ नाही, (टी−३)·यू(टी−३) आहे.

फायनल व्हॅल्यू थिअरमबद्दल मात्र मत बदललं. पहिल्या महिन्यात तक्त्यातली सगळ्यात कामाची ओळ तीच वाटत होती, कारण इन्व्हर्स (म्हणजे परत टी मधलं फंक्शन) न काढता शेवटची किंमत हातात येते: रूपांतर एफ(एस) ला एस ने गुणायचं आणि एस शून्याकडे न्यायचा. पण १/(एस(एस−२)) ला लावा: उत्तर −१/२ येतं. प्रत्यक्षात फंक्शन आहे (ई^(२टी) − १)/२, म्हणजे ते अनंताकडे पळतं. एस ने गुणल्यावर उरलेले सगळे पोल (छेद शून्य करणाऱ्या एस च्या किमती) डाव्या अर्ध्या प्रतलात, म्हणजे ऋण वास्तव भागाचे हवेत, ही अट सूत्राशेजारी नसेल तर ते सूत्र न वापरलेलं बरं.

सगळ्यात आवडलेली गोष्ट डेरिव्हेटिव्हची ओळ. वाय″ साठी एस^२·वाय(एस) − एस·वाय(०) − वाय′(०), इथे वाय(एस) म्हणजे वाय चं रूपांतर. डिफरन्शियल इक्वेशन सोडवताना इनिशियल कंडिशन सुरुवातीलाच आत जातात, शेवटी सी१, सी२ हे स्थिरांक शोधत बसावं लागत नाही. वाय′(०) ऋण असेल तेव्हा तेवढी चिन्हं कंसात लिहा.

पार्शल फ्रॅक्शनमध्ये (अपूर्णांक सोप्या तुकड्यांत फोडताना) वेगवेगळे साधे घटक असतील तर हेविसाइडचं कव्हर-अप (छेदातला एक घटक झाकून उरलेल्यात त्याचं मूळ घालायची युक्ती) दोन मिनिटांत होतं. न फुटणारा वर्ग आला की वेळ खातो. एस/(एस^२+४एस+१३) घ्या. छेद (एस+२)^२+९ होतो, म्हणून अंशही (एस+२)−२ असा लिहावा लागतो. साइनसाठी अंशात ३ हवा, तिथे −२ आहे. म्हणून उत्तर ई^(−२टी)·(कोस ३टी − (२/३)·साइन ३टी). तो ३ ने भागायचा राहतो आणि इनिशियल व्हॅल्यू तपासूनही चूक सापडत नाही, कारण टी=० ला साइन शून्यच असतो. एक पायरी पुढे जाऊन एफ′(०) तपासा, म्हणजे एस·(एस·एफ(एस) − एफ(०)) ची एस अनंताकडे जातानाची किंमत. इथे ती −४ येते. ३ ने भागायचं विसरलेल्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह टी=० ला −८ येतं.