अर्ध्या दिवसात उरकलेले तोरुन

नागपूरच्या एका सहल कंपनीबरोबर आम्ही पोलंडची दहा दिवसांची सहल केली. वॉर्सा आणि क्राकूव्ह तर सर्वच कंपन्या दाखवतात. आम्ही ही कंपनी निवडली ती कार्यक्रमपत्रिकेत तोरुनचे नाव होते म्हणून. मुलगा फिलाडेल्फियाला असतो. तोरुन हे त्या शहराचे १९७६ पासूनचे भगिनी शहर असून फिलाडेल्फियातील पार्कवे या रस्त्यावर खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसचे स्मारकशिल्प पाहिल्यापासून त्याचे जन्मगाव पाहण्याची इच्छा मनात होती.

या सहलीतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तोरुनला मिळालेल्या स्थानिक गाईडबाई. त्यांनी सुरुवात पुतळ्यापासून न करता विस्तुला नदीकाठच्या पडक्या किल्ल्यापासून केली. ज्या ट्यूटॉनिक सरदारांनी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने, १२३३ मध्ये शहराला सनद दिली, त्यांचाच किल्ला १४५४ मध्ये नागरिकांनी उठाव करून पाडला. त्यातून पेटलेले युद्ध तेरा वर्षे चालले आणि १४६६ मध्ये याच शहरात झालेल्या तहाने संपले. किल्ल्याचा धड उरलेला बुरूज कोणता, तर शौचकूपाचा! सीताबर्डीचा किल्ला वर्षातून मोजकेच दिवस आतून पाहायला मिळतो, त्यामुळे किल्ल्याच्या पोटात मनसोक्त हिंडण्याचे आम्हा नागपूरकरांना विशेष अप्रूप वाटले.

दुसऱ्या महायुद्धात वॉर्साचे जुने शहर बेचिराख झाले आणि नंतर नव्याने उभारावे लागले. तोरुन मात्र बहुतांशी वाचले. म्हणूनच तांबड्या विटांचे नगरभवन, तटबंदी आणि धान्याची कोठारे मूळ रूपात दिसतात, आणि १९९७ मध्ये युनेस्कोने या मध्ययुगीन नगराला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. सेंट जॉन कॅथेड्रलमधील १५०० साली ओतलेली सात टनांची घंटा आम्हाला केवळ ऐकीव राहिली. नगरभवनासमोर १८५३ चा कोपर्निकसचा पुतळा आहे. त्याखालील लॅटिन लेखाचा अर्थ, पृथ्वीला गती देणारा आणि सूर्याला व आकाशाला थांबवणारा, असा बाईंनी सांगितला. त्याचा जन्म १४७३ सालचा, १९ फेब्रुवारीचा, हे ऐकताच आमच्या गटातून शिवजयंतीचा उल्लेख झाला आणि त्याचा संदर्भ बाईंना समजावून देण्यात पाच मिनिटे आनंदात गेली.

आता तक्रार. हाती जेमतेम चार तास असताना त्यातला दीड तास वरण-भात-भाजीच्या जेवणात गेला. सोबतच्या स्वयंपाक्यांनी रांधलेले जेवण उत्तम होते, पण ते बसमध्ये वाढता आले असते. परिणामी कोपर्निकसचे घर बाहेरूनच पाहिले आणि कलता मनोरा चालता चालता. पिएर्निक, म्हणजे मध, मिरी, सुंठ, लवंग, दालचिनी घातलेली येथील प्रसिद्ध खारीक-रंगी बिस्किटे, लाकडी साच्यांत कशी घडवतात ते दाखवणाऱ्या संग्रहालयाचे तिकीट पत्रिकेप्रमाणे दरात समाविष्ट होते. तेथे पोहोचेपर्यंत शेवटची फेरी सुटली होती आणि त्या तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत. दुकानातून घेतलेली बिस्किटे सावजी मसाल्यावर वाढलेल्या जिभेला सौम्य वाटली, तरी घरी आल्यावर डबा दोन दिवसांत संपला.

बसची सोय, हॉटेले आणि व्हिसाचे काम यांबद्दल बोट ठेवायला जागा नाही. परंतु केवळ तोरुनसाठी ही सहल घेणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी तेथे एका रात्रीचा मुक्काम लेखी मागून घ्यावा, आणि तो मिळत नसल्यास वॉर्साहून रेल्वेने स्वतंत्रपणे जावे.