गट नंबर 112 अन् दोन डेस्कटॉप: गनोम घ्यावं की सिनॅमन?

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतल्या ऑनलाइन सेंटरवाल्यांचा एकच प्रश्न असतो: "भाऊ, जुन्या मशीनवर अकरा चढत नाही. लिनक्स टाकतो म्हणतो, पण कोन्तं?" लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, ती कशी टाकायची हे या मंडळींना माहीत आहे. अडतं ते डेस्कटॉपवर, म्हणजे दिवसभर ज्याचं तोंड पाहायचं त्यावर. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या सेंटरवर मी दीड वर्ष गनोम हा डेस्कटॉप वापरला, आता तिसरं वर्ष लिनक्स मिंटचं (लिनक्सचाच एक प्रकार) सिनॅमन चालू आहे. अंगठ्याच्या मशीनसाठी एक विंडोजवाला संगणक वेगळा ठेवलाय, तो या हिशेबात नाही.

आधी गनोमबद्दल, कारण त्याच्यावर उगाच राग धरणारे फार आहेत. दिसायला ते सिनॅमनपेक्षा देखणं आहे. लॅपटॉप असेल तर टचपॅडवर तीन बोटं सरकवून एका कामाच्या पडद्यावरून दुसऱ्यावर जाणं इतकं सहज होतं की सवय लागली की सुटत नाही. मराठी टाईप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून दोन मिनिटांत जोडता येतो. वेलँडचं, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवायच्या नव्या पद्धतीचं, कामही तिथे कधीच पक्कं झालंय. सिनॅमनमध्ये ते उशिरा आलं, तेही प्रायोगिक म्हणून. माझा पुतण्या अमरावतीला शिकतो, त्याच्या नव्या लॅपटॉपवर मी स्वतः गनोम टाकून दिलं आणि तो खूश आहे.

मग मी का सोडलं?

आमच्या फायली गट नंबरावर लागतात. गावाचं एक फोल्डर, त्यात 112-सातबारा, 112-पासबुक, 113-सातबारा अशी रांग. नावावर लावल्या तर एकाच आडनावाची तीसेक घरं निघतात, म्हणून नंबर. जुलै महिना, पीकविम्याची मुदत तोंडावर, बाहेर पाऊस आणि आत ओल्या छत्र्या घेऊन माणसं उभी. एक बुजुर्ग टेबलावर हात टेकून म्हणतात, "बाबू, एकशे बाराचं काढ. अन् माह्या भावाचंबी संगंच करून टाक."

सिनॅमनचा फाईल मॅनेजर नेमो. फोल्डर उघडायचं, 112 दाबायचं, कर्सर नेमका 112 वर जाऊन बसतो. रांग जागची हलत नाही. खाली 113, 114 तसेच दिसत असतात, आणि तो भाऊ बहुतेक वेळा तिथेच असतो. वाटणी झाली तरी वावरं शेजारीच राहतात ना. एकदा खालचा बाण दाबला की त्याची फाईल.

गनोमच्या फाईल मॅनेजरात तेच 112 दाबलं की शोध सुरू होतो. समोरची रांग नाहीशी होते. तिच्या जागी 112 येतं, 1112 येतं, ज्या स्कॅनच्या नावात मोबाइल नंबर आहे आणि त्या नंबरात कुठेतरी 112 आहे तोही येतो, शिवाय आतल्या फोल्डरातला मागच्या हंगामाचा 112. एकदा मी मागच्या वर्षीचाच सातबारा चढवायला निघालो होतो, तारखेवर नजर गेली म्हणून थांबलो. आतल्या फोल्डरांत शोधू नको असं सेटिंगमध्ये सांगता येतं. मी ते केलंही. त्याने जुन्या वर्षाची भानगड मिटली, पण 113 काही समोर आला नाही. शोधातून बाहेर या, परत रांग पाहा, परत भाऊ शोधा. दिवसातून शंभर वेळा.

ही चुकून राहिलेली खोड असती तर मी वाट पाहिली असती. ती चूक नाही, ठरवून केलेलं आहे. 2012 साली गनोमच्या 3.6 आवृत्तीत, टाईप केलं की थेट त्या फाईलवर नेणारी जुनी सोय काढून तिच्या जागी शोध आणला गेला. लोकांनी ती परत मागितली. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सने काही वर्षं स्वतःचा पॅच, म्हणजे कोडचं ठिगळ, लावून ती टिकवली. मूळ गनोममध्ये ती आली नाही. बनवणाऱ्यांचं म्हणणं असं की शोध जास्त ताकदीचा आहे, आणि ते खोटं नाही. फाईल कुठे ठेवली हेच आठवत नसेल तर शोधच लागतो. पण मला जागा ठाऊक असते, मला फक्त तिथे पोचायचं असतं. या दोन गरजा वेगळ्या आहेत हे वापरणारे इतकी वर्षं सांगतात, तरी ऐकलं जात नाही, हेच मला मनापासून खटकतं.

त्याच घरातलं दुसरं उदाहरण पाहा. फाईल निवडायच्या खिडकीत फोटोंची छोटी चित्रं दिसावीत ही मागणी 2004 ची. पूर्ण झाली 2023 च्या मार्चमध्ये, 44 व्या आवृत्तीत. पासपोर्ट फोटो चेहऱ्यावरून निवडणाऱ्याला विचारा हा उशीर म्हणजे काय. त्याआधी 3.28 आवृत्तीत डेस्कटॉपवरचे आयकॉन काढले, तेव्हा तो कोड जुनाट झालाय आणि पुढचं काम अडवतोय असं कारण दिलं होतं. ते मला पटतं. कोड सांभाळणाऱ्याचे हाल मी समजू शकतो. पण गेलेली सोय एक्स्टेन्शनने, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामने, भरून काढावी म्हटलं, तर 2023 च्या 45 व्या आवृत्तीत एक्स्टेन्शन लिहायची पद्धतच बदलली आणि जुनी सगळी नव्याने सुधारावी लागली. गिऱ्हाईक समोर उभं असताना या भरवशावर बसणं मला तरी जमत नाही.

नेमो आला कुठून हेही इथेच सांगतो. गनोमच्या 3.4 च्या फाईल मॅनेजरचा कोड घेऊन वेगळी काढलेली ती फांदी, म्हणजे सोय काढायच्या आधीची. मिंटवाल्यांनी 2011 ला आधी गनोमच्या नव्या रूपावर एक्स्टेन्शन चढवून जुनी वहिवाट राखायचा प्रयत्न केला, मग सिनॅमन वेगळंच काढलं. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, खिडकीला तिन्ही बटणं. विंडोजवरून आलेल्या पोराला पहिल्या दिवशी काही शिकवावं लागत नाही.

सिनॅमनमध्येही उणं आहे. बारीक पिक्सेलच्या नव्या पडद्यावर अक्षरांचा आकार जमवताना ते मागे पडतं. आणि ब्राउझरमधून फाईल चढवायची जी खिडकी उघडते, तिथे टाईप केलं की इथेही शोधच सुरू होतो. मी त्या खिडकीच्या वाटेला जातच नाही. नेमोतून फाईल ओढून सरळ 'चूज फाईल'च्या बटणावर सोडतो. वेगाचं म्हणाल तर आमच्या 4 जीबीच्या मशीनवर सिनॅमन हलकं वाटतं. घड्याळ लावून पाहिलेलं नाही, पण दुपारी दहा टॅब उघडे असताना फरक हाताला कळतो.

नवा लॅपटॉप, एकट्याचं काम, हाताखाली टचपॅड असेल तर गनोम घ्या, पस्तावणार नाही. सेंटर असेल, फायलींची रांग असेल, तर मी मिंट 22 सिनॅमन म्हणेन. सपोर्ट 2029 पर्यंत आहे. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. दोन्ही पेनड्राइव्हवरून चालवून पाहा, स्वतःच्याच गावाचं फोल्डर उघडा आणि कोणताही एक गट नंबर टाईप करा. सिनॅमनची पेनड्राइव्ह माझ्या टेबलाच्या खणात तयार असते. दारव्ह्याकडे येणं झालं तर घेऊन जा.