जुन्या ब्रिटिश ट्विनचं खिचडी वायरिंग काढून तयार हार्नेस टाकला: पावसाळ्यासकट काही महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. हार्नेस (गाडीच्या सगळ्या वायरींचा एकत्र बांधलेला संच) चांगला निघाला, पण गाडीत जो फरक पडला त्याचं निम्म्याहून जास्त श्रेय अर्थिंगच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या साध्या लाल वायरींना आहे. नुसता नवा हार्नेस आणून जुन्याच गंजक्या बोल्टांना आवळणार असाल, तर पैसे वाचवा.

गाडी 1960च्या दशकाच्या उत्तरार्धातली ब्रिटिश ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल आहे. 12 व्होल्ट, लुकास या ब्रिटिश कंपनीची विद्युत यंत्रणा आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचा प्लस थेट चासीला. इथेच अनेक जण फसतात. हात बसलेला असतो मायनस अर्थला, आणि या गाडीत चासीला टेकलेली प्रत्येक वस्तू प्लसवर असते.

माझ्या हाती आली तेव्हा टाकीच्या मागचा भाग मूळ लुकास रंगांचा होता आणि पुढचा कुठल्याशा जपानी गाडीच्या हार्नेसमधून कापून जोडलेला, होंडाच्या रंगपद्धतीचा. होंडात लाल म्हणजे बॅटरीचा करंट, हिरवी म्हणजे अर्थ, काळी म्हणजे चावीनंतरचा करंट. लुकासच्या पॉझिटिव्ह अर्थ मोटरसायकलींत लाल म्हणजे अर्थ आणि बॅटरीचा करंट येतो तपकिरी-निळ्या वायरीतून. साध्या हिरव्या रंगाला ब्रिटिश पद्धतीत फ्यूजनंतरचा, चावीतून आलेला करंट मानतात. थोडक्यात, माझ्या गाडीत लाल वायर टाकीच्या मागे अर्थ होती आणि टाकीच्या पुढे जिवंत. जोडणाऱ्याने डोकं लावून बरोबर जोडलं होतं, गाडी चालतही होती. पण पुढच्या माणसाने रंग बघून लालला लाल जोडली असती तर थेट शॉर्ट.

दुसरी भानगड जोडांची. ब्रिटिश बुलेट कनेक्टर (सॉकेटमध्ये घुसणारं वायरीचं गोल धातूचं टोक) 4.7 मिलिमीटरचा, जपानी 3.9चा. जाड सॉकेटमध्ये बारीक बुलेट घालून वरून टेप गुंडाळलेली. टेप सोडवली तर आत चिकट काळा गोंद आणि हिरवट पडलेलं तांबं. जोड हलवला की हेडलाइट उजळायची, सोडला की पिवळी पडायची.

रंगांवर विश्वास ठेवायचा नाही, हे ठरवून मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर (वायर सलग आहे का ते दाखवणारी सोय) एकेक वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासली आणि कागदावर उतरवली. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्यातच एक महत्त्वाची गोष्ट सापडली. इग्निशन कॉइलची (प्लगसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग) टोकं उलटी होती. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत कॉइलचं मायनस टोक चावीकडून येणाऱ्या पांढऱ्या वायरीला आणि प्लस टोक पॉइंटकडे (ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच) जातं. कुणीतरी मायनस अर्थच्या सवयीने उलट जोडलेलं. अशी गाडी सुरू होते, चालते, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण प्लगच्या गरम मधल्या इलेक्ट्रोडवरून ठिणगी निघायला कमी व्होल्टेज पुरतं, आणि पोलॅरिटी उलटली की तो फायदा जातो. टोकं बदलल्यापासून तापलेल्या इंजिनाला किक मारताना होणारी कटकट बरीच कमी झाली.

दुरुस्ती करायची की सगळंच बदलायचं, यावर फार विचार केला नाही. इन्सुलेशन वाकवलं की तडे जात होते, तेव्हा दुरुस्तीला अर्थच नव्हता.

तयार हार्नेस घेतला तो कापडी वेष्टनाचा. पीव्हीसी वेष्टनाचाही मिळतो, पाण्याला तो जास्त बरा. कापडी दिसायला मूळ गाडीसारखा. रंग सगळे बरोबर: वरच्या बीमला निळी-पांढरी, डिपरला निळी-लाल, पॉइंटला काळी-पांढरी आणि काळी-पिवळी. मुख्य करंटला 28 तारांची जाड वायर, बाकी बहुतेक ठिकाणी 14 तारांची, प्रत्येक तार 0.30 मिलिमीटर. बुलेट फॅक्टरीतूनच बसवून आलेले आणि मापाचे. मागच्या दिव्याकडे जाणारा फाटा मात्र आखूड निघाला, तो वाढवावा लागला. पुढच्या ब्रेकच्या स्विचसाठी वायर होती, पण लांबी अशी की हँडल पूर्ण वळवलं की ताणली जायची. सोबतचा नकाशा इतका पुसट छापलेला की तो घडी करून ठेवून दिला.

फ्यूजबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे धोका आहे. जुन्या ब्रिटिश कागदपत्रांत 35 अँपिअरचा फ्यूज लिहिलेला असतो. तो आकडा फ्यूज उडण्याचा आहे. सतत वाहण्याची क्षमता त्याच्या साधारण निम्मी. आजच्या पात्यांच्या फ्यूजवर लिहिलेला आकडा सतत वाहणाऱ्या करंटचा असतो. म्हणून जुनं वाचून आजचा 35चा फ्यूज टाकला, तर फ्यूजआधी वायर जळेल. मी 15चा टाकला आहे, आजवर उडालेला नाही.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना फ्यूजच्या जागी 21 वॅटचा ब्रेक-लाइटचा बल्ब लावला. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि दोनेक अँपिअरच्या वर करंट जाऊच देत नाही. वायरी जळत नाहीत, आणि शांतपणे एकेक फाटा सुटा करून दोषी शोधता येतो. चावी बंद असताना बल्ब विझलेला राहिला, तेव्हाच खरा फ्यूज घातला.

आता अर्थिंग. या गाड्यांत हेडलाइटचा परतीचा करंट मुळात चिमट्याच्या बेअरिंगमधून, म्हणजे ग्रीस माखलेल्या छर्‍यांमधून चासीत जातो. मागच्या मडगार्डचीही तीच गत: बोल्टाखाली रंगाचे थर. जुन्या वायरिंगवर लाइट चालू ठेवून मोजलं होतं तेव्हा बॅटरीवर 12.4 व्होल्ट होते आणि बल्बच्या टोकांवर 10.6. हरवलेल्या 1.8 पैकी 1.1 व्होल्ट एकट्या अर्थच्या बाजूला जात होते. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड साधारण तीस टक्के घटतो, त्यामुळे रात्री रस्ता न दिसण्याचं कोडं तिथेच सुटलं. हेडलाइटच्या वाटीतून, मागच्या दिव्यातून आणि इंजिनच्या हेडवरून वेगळ्या लाल वायरी काढून बॅटरीच्या प्लसजवळ एका बोल्टावर आणल्या. त्या जागेचा रंग लखलखीत खरवडला, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नीट दाबून बसवले, वरून पेट्रोलियम जेली. आता एकूण घट 0.4 व्होल्टच्या आत आहे आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजली तरी तेवढीच भरली.

अर्थ सुधारल्याचा फायदा झेनर डायोडलाही, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणाऱ्या भागालाही झाला. जास्तीचा करंट तो चासीत सोडून देतो. त्याच्या अर्थमध्ये अडथळा असेल तर बॅटरी जास्त चार्ज होऊन पाणी उकळत राहतं. पूर्वी बॅटरीत वरचेवर डिस्टिल्ड वॉटर घालावं लागायचं, ते जवळपास थांबलं.

पावसाळ्यात एकच तक्रार आली, तीही मजेशीर. हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की हॉर्न आपोआप वाजायचा. हॉर्नला करंट आधीच आलेला असतो, बटण फक्त त्याला अर्थ देतं. हँडलच्या नळीच्या कडेवर बटणाची वायर घासून उघडी पडली होती, म्हणून वळलं की अर्थ मिळायचा. रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) घालून वायर थोडी सैल सोडली, भोंगा गप्प झाला. तुमच्या हार्नेससोबत ग्रोमेट आले नसतील तर आधी ते आणा, मग बाकीचं.

थरथराटाने सॉकेटच्या आतली पितळी नळी हळूहळू सैल पडते, तेव्हा सर्व्हिसिंगला ती पकडीने हलकी दाबून घेतो. मी जिथे जोड नव्याने केले तिथे डाग दिलेला नाही, फक्त क्रिंप, म्हणजे टोक दाबून बसवलेलं. वितळलेलं शिसं तारांमधून वर चढतं आणि वायर जिथे ताठ होते तिथेच थरथराटाने तुटते, असं जुन्या जोडांत स्पष्ट दिसत होतं.

गाडी प्रदर्शनात उभी करायची असेल तर कापडी हार्नेस घ्या, रोज पावसापाण्यात चालवायची असेल तर पीव्हीसीचा. दोन्हींना अर्थच्या वायरी मात्र स्वतःच जोडाव्या लागतील. मी अजून इंडिकेटर लावलेले नाहीत. हार्नेसमध्ये त्यांची सोय नव्हतीच. डावीकडे हिरवी-लाल आणि उजवीकडे हिरवी-पांढरी वायर ओढून ठेवली आहे, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) पॉझिटिव्ह अर्थवर चालणारा मिळाला की जोडेन.