अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल: पोट कशामुळे सुटतं?

कुत्रा अंगावर धावून आला की छाती धडधडते, तळहातांना घाम फुटतो. हे अ‍ॅड्रेनलिन, अचानक आलेल्या ताणात रक्तात सुटणारं संप्रेरक (हार्मोन). ते साठलेली चरबी फोडून स्नायूंना इंधन पुरवतं आणि काही मिनिटांत ओसरतं. त्याची मला धास्ती वाटत नाही.

कॉर्टिसॉल हेही ताणाचंच संप्रेरक, पण त्याचं तसं नाही. ताण महिनोन्‌महिने चालला की ते इन्शुलिनच्या जोडीने चरबी साठवायला लावतं, तीही आतड्यांभोवती. कारण मांडीच्या चरबीपेक्षा तिथल्या पेशींमध्ये कॉर्टिसॉलचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे रेणू, जास्त असतात. कुशिंग सिंड्रोममध्ये, म्हणजे कॉर्टिसॉल बेसुमार वाढतं तेव्हा, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं: पोट सुटलेलं, चेहरा गोल गरगरीत, हातपाय मात्र काटकुळे. आतड्यांभोवतालच्या चरबीतलं रक्त थेट यकृताकडे जातं, त्यामुळे ही चरबी जास्त घातक; म्हणून वजनकाट्याआधी मी कमरेला टेप लावायला सांगते.