टेराकोटा की स्टोनवेअर: निसर्गविषयक मानवाकृतीसाठी कोणती माती?

टेराकोटा, म्हणजे साधी तांबडी भाजकी माती, साधारण ९५० ते १०५० अंश सेल्सिअसला भाजतात; स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट होणारी माती, १२०० ते १२८० ला. म्हणजे इंधन जास्त. पर्यावरणावर बोलणाऱ्या शिल्पात हे दुर्लक्षून कसं चालेल?

टेराकोटामागे परंपरा मोठी: राजस्थानातल्या मोलेलाच्या देवप्रतिमा, तामिळनाडूत अय्यनार या ग्रामदेवाला वाहिलेले घोडे. हे घोडे गावाबाहेर उघड्यावर झिजतात, मग नवे वाहिले जातात. झीज हाच विषय असेल, तर हीच माती घ्यावी. मात्र भाजल्यावरही ती सच्छिद्र राहते. आपल्या पावसाळ्यात शेवाळ चढतं, क्षारांचे पांढरे डाग उमटतात.

स्टोनवेअर पाणी फारसं शोषत नाही. पण भट्टीत ते किंचित मऊ पडतं: बारीक घोट्यांवर उभी आकृती वाकते, पसरलेला हात खाली येतो. टेकू त्याच कच्च्या मातीचे लावा, म्हणजे तेही सोबत आकसतील.

दोन्हींत २० ते ३० टक्के ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा भुगा मिसळा. धड आणि डोकं पोकळ, भिंत साधारण १ सेंमी, वाफेला छिद्र. आकृती फुटते ती बहुधा उरलेल्या ओलाव्याने. अडकलेल्या हवेला उगाच दोष देतात. १०० अंशांपर्यंत घाई नको, आणि थंड करताना ५७३ अंशांच्या आसपासही, कारण तिथे मातीतलं क्वार्ट्झ एकदम आकसतं आणि तडा जाऊ शकतो.